सुधारकाने स्वतःचे काय सोडले?

(तारकर्ली येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते, त्यांना लांबण आवडत नसे. वर्गात कोणी प्रस्तावना करू लागला की ते म्हणत, ‘होडी कधी लोटणार?’ तेव्हा होडी लोटतो.

कार्यवाहांनी मला ‘हिंदू धर्मसुधारणा आणि राजकारण’ असा आठवडाभर पुरेल इतका विषय दिला. मी त्यांना म्हटले, बंगाल आणि पंजाब मी दुसऱ्या कोणासाठी सोडतो. मी जुन्या रत्नागिरी जिल्ह्याबाहेर फारसा जाणार नाही, आणि जायची गरजही नाही. १ मे १९८१ ला आपला सिंधुदुर्ग वेगळा झाला. त्याआधीच्या अखंड जिल्ह्याची हजेरी घेऊन बघा. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. टिळकांचा जन्म रत्नागिरीचा. महर्षी कर्वे मुरुडचे, साने गुरुजी पालगडचे, बाबासाहेबांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. आणि इथून हाकेच्या अंतरावर, मालवणात, ६ जुलै १८३७ रोजी रामकृष्ण गोपाळ भांडारकर जन्मले. धर्म बदलावा म्हणणारे, बदलू नये म्हणणारे आणि शेवटी धर्मच सोडणारे असे सगळे या एका अरुंद पट्टीशी बांधलेले आहेत. भात कमी आणि वाद जास्त पिकवणारा आमचा जिल्हा.

भांडारकरांची गोष्ट मी शाळेत वाचली आणि घरी येऊन आजीला मोठ्या तोऱ्यात सांगितली, की आपल्या मालवणच्या या पंडिताने १८९१ साली स्वतःच्या विधवा मुलीचे पुन्हा लग्न लावून दिले. आजी आलवणातली. विसाव्या-बाविसाव्या वर्षी कपाळ पांढरे झालेली. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिने विचारले, ‘मगे त्या चेडवाक हळदीकुंकवाक कोणी बोलवल्यान?’

मी निरुत्तर झालो. नंतर पुष्कळ ग्रंथ वाचले, पण सुधारणा मोजायला आजीच्या त्या प्रश्नाहून चांगले माप मला कुठे सापडले नाही. कायदा झाला, ठराव झाला, लग्नही लागले. पुढे शेजारणीने आमंत्रण दिले का? आणि ते मिळावे म्हणून कोणी, स्वतःचे, काय सोडले? आज मी एवढेच बघणार आहे.

सुरुवात पोंभुर्ल्याच्या माणसापासून करू. १८४३ साली मुंबईत श्रीपत शेषाद्री नावाचा एक ब्राह्मण मुलगा मिशनऱ्यांच्या घरी राहून, जेवून परत आला. त्याच्या थोरल्या भावाने, नारायणने, आधीच ख्रिस्ती धर्म घेतला होता. श्रीपतला न्यायालयाने वडिलांच्या स्वाधीन केले, पण जात त्याला स्वीकारेना. बाळशास्त्री त्याच्या बाजूने उभे राहिले: प्रायश्चित्त द्या आणि पोराला घरात घ्या. तेव्हा बाळशास्त्री सरकारी शिक्षणखात्यातले मानाचे गृहस्थ. गप्प राहिले असते तरी त्यांच्या पगारातला एक रुपया कमी झाला नसता. बोलले म्हणून स्वजातीयांचा रोष ओढवून घेतला. १८४६ मध्ये ऐन तारुण्यात गेले.

त्यानंतरची परमहंस सभा हा मात्र मला थोडा हसू आणणारा प्रकार वाटतो. १८४९ मध्ये दादोबा पांडुरंगांच्या पुढाकाराने ती मुंबईत सुरू झाली. जातिभेद मानायचा नाही हे तत्त्व. त्याची खूण म्हणून नव्या सभासदाने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा. आणि हे सगळे दार लावून! बाहेर आल्यावर पुन्हा संध्या, सोवळे, पंगत. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेली, नावे बाहेर फुटली आणि सभा विस्कटली. ज्या सुधारणेला एक चोर पुरतो, तिचे वजन किती ते तुम्हीच ठरवा. पण हसताना एक लक्षात ठेवावे लागते. त्या काळी वाळीत पडणे म्हणजे न्हावी, परीट, भटजी, पाणवठा आणि मुलीचे लग्न एका दिवसात बंद होणे. पाव खाणारे भित्रे होते, पण त्यांची भीती खोटी नव्हती.

एल्फिन्स्टनमध्ये शिकायला १८५३ साली मुंबईला गेलेला मालवणचा मुलगा, म्हणजे भांडारकर, याच वर्तुळात वावरला. ३१ मार्च १८६७ ला डॉ. आत्माराम पांडुरंगांनी प्रार्थना समाज काढला. पुढे न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर हे त्याचे दोन खांब झाले. एक निराकार ईश्वर, मूर्तिपूजा नाही, अवतार नाहीत; उपासनेला मात्र तुकोबांचे अभंग. बंगालच्या ब्राह्मो समाजवाल्यांपेक्षा आमचे लोक सावध. जानवे टाका, जात टाका असा आग्रह त्यांनी धरला नाही. हिंदू समाजातच राहून त्याला हळूहळू वळवायचे, असा त्यांचा बेत. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला, तेव्हा त्यांना ही मंडळी मवाळ आणि आपल्याच ओसरीवर बसणारी वाटली. त्यात बरेच तथ्य होते. प्रार्थना समाजाची उपासना गिरगावातून आमच्या वाड्यांपर्यंत कधी आली नाही. आली असती तरी काय झाले असते, याचे मला कुतूहल आहे. ज्याला कौल लावता येत नाही आणि ज्याच्यापुढे गाऱ्हाणे घालता येत नाही, अशा देवाचे मालवणी माणसाने करायचे काय?

पण भांडारकरांना मी पाव खाणाऱ्यांच्या रांगेत बसवणार नाही. १८९१ चा संमतिवयाचा कायदा आठवा. कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या हातून मेली. शरीरसंबंधाच्या संमतीची मर्यादा दहावरून बारा करावी असे विधेयक आले. पुण्यात वादळ उठले. गर्भाधान ठरल्या वेळी झाले नाही तर धर्म बुडतो, अशी ओरड सुरू झाली. भांडारकरांनी स्मृती आणि गृह्यसूत्रे काढून दाखवून दिले की ऋतुप्राप्तीबरोबर गर्भाधान झालेच पाहिजे असे बंधन शास्त्रात नाही. टिळक त्यांच्याशी शास्त्रार्थात भिडले. टिळकांचा दुसरा मुद्दा अधिक टोकदार होता: परक्या सरकारला आमच्या माजघरात बोलवायचे कशाला? सुधारणा करायची तर आपली आपण करू.

या मुद्द्यावर टाळ्या पडतात, आजही पडतात. आपली आपण करू, हे म्हणणे सोपे, कारण त्यात तारीख लिहिलेली नसते. भांडारकरांनी त्याच वर्षी स्वतःच्या मुलीचे लग्न लावले. शास्त्रार्थ बाहेर आणि लग्न घरात, दोन्ही एका सालात. ग्रंथातला आधार शोधणाऱ्या पंडिताने आपल्या जातीतली पत पणाला लावली, म्हणून त्याच्या आधाराला किंमत आली.

राजकारणाने मात्र दुसरी वाट धरली. १८८७ पासून काँग्रेसच्या मांडवातच सामाजिक परिषद भरायची. १८९५ मध्ये काँग्रेस पुण्याला आली, तेव्हा सामाजिक परिषदेला मांडव द्यायचा नाही असा हट्ट धरला गेला. रानड्यांनी माघार घेतली आणि परिषद दुसरीकडे भरवली. तिथे अध्यक्षस्थानी होते भांडारकर. सामाजिक आणि राजकीय यांची चूल तेव्हा जी वेगळी झाली, ती पुढे कित्येक वर्षे एकत्र आली नाही. राजकारणाला गर्दी मिळाली, सुधारणेला मोकळ्या खुर्च्या. मी टिळकांना लहान करत नाही. त्या गर्दीशिवाय इंग्रज हललाही नसता. पण गर्दी जमवायची तर माजघराला हात लावायचा नाही, हा धडा आमच्या पुढाऱ्यांनी तिथे गिरवला आणि अजून विसरलेले नाहीत.

आता थोडे आडवळण. हा विधवाविवाहाचा सगळा गदारोळ चालला होता तो वरच्या चार जातींत. आपल्याकडे कुणब्यांत आणि इतर कष्टकरी जातींत पाट लागत होता. नवरा मेला, बाई तरुण आहे, दुसरे घर करील. शास्त्री नको, सभा नको. पंडित जे ग्रंथातून खणून काढत होते ते शेजारच्या वाडीत रीत म्हणून नांदत होते, आणि त्या रीतीला पंडित हलकी समजत होते! पुढे गंमत नव्हे, अनर्थ झाला. १८५६ च्या विधवाविवाह कायद्यात एक कलम आहे: पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क गेला. मुंबई उच्च न्यायालयाने हे कलम पाट लावणाऱ्या जातींनाही लागू धरले. ज्यांना कायद्याची गरज नव्हती अशा बायकांची जमीन सुधारणेच्या कायद्याने गेली. वर चढू पाहणाऱ्या कुटुंबांनी पाटही हळूहळू सोडला, कारण प्रतिष्ठेची नक्कल वरून होते. सुधारकांच्या चरित्रांत हे प्रकरण क्वचितच सापडते.

कर्व्यांचे तुम्हाला माहीत आहे. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केले आणि मुरुडने त्यांना वाळीत टाकले. आपल्याच गावात, आपल्याच आईच्या घरी जाणे अवघड झाले. पुढचे त्यांचे संस्थात्मक काम डोंगराएवढे, पण माझ्या हिशेबात ते वाळीत पडणे आधी येते.

आता १९३० चे दशक आणि रत्नागिरी शहर. इथे मला जरा रेंगाळायचे आहे, कारण एकाच गावात, एकाच काळात, हिंदू सुधारणेच्या दोन अगदी वेगळ्या वाटा फुटल्या.

सावरकर १९२४ पासून रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध. राजकारण करायचे नाही, ही अट. त्यांनी जातीवर मोर्चा वळवला. स्पर्शबंदी, रोटीबंदी, बेटीबंदी, सिंधुबंदी अशा सात बेड्या त्यांनी मोजून दाखवल्या आणि तोडायला सुरुवात केली. सहभोजने झाली. शाळांत पोरे सरमिसळ बसावीत म्हणून खटपट केली. १९३३ मध्ये सर्व हिंदूंसाठी उपाहारगृह काढले. तिथे पूर्वास्पृश्याच्या हातचा चहा मिळे. २२ फेब्रुवारी १९३१ ला पतितपावन मंदिर उघडले, आणि त्याला पैसा दिला भागोजीशेठ कीर यांनी. भंडारी समाजातला हा माणूस गरिबीतून मुंबईत मोठा कंत्राटदार झाला होता. मंदिराची गोष्ट सांगताना सावरकरांचे नाव आधी येते आणि कीरांचे कंसात जाते. मी उलटे सांगेन. गाभाऱ्याचा उंबरठा ज्या जातीला बंद होता, त्या जातीच्या माणसाने देवळावर सूड उगवला नाही. स्वतःच्या खिशातून नवे देऊळ बांधले आणि त्याचा गाभारा आपल्याहून खालच्या मानल्या गेलेल्यांना मोकळा केला. दान देणारे पुष्कळ असतात. आपल्याला मिळालेली उंची दुसऱ्यासाठी खाली करणारे थोडे.

सावरकरांच्या सुधारणेची दिशा स्पष्ट होती: हिंदू एक व्हावा, संघटित व्हावा. तिचा वेग आणि तिची मर्यादा दोन्ही त्यातूनच आली. संघटनेसाठी जात मोडायची, तर संघटना झाली असे वाटल्यावर जात मोडायचे काम थांबते. १९३७ मध्ये बंधने उठली, ते हिंदू महासभेच्या राजकारणात गेले, आणि रत्नागिरीचा तो प्रयोग पुढे फारसा कोणी नेला नाही. त्यांचे नाव घेणारे आज लाखांनी आहेत. त्यांच्या सात बेड्यांतली बेटीबंदी स्वतःच्या घरात तोडलेले किती, हे विचारून बघा.

दुसरी वाट अप्पा पटवर्धनांची. ‘कोकणचे गांधी’ म्हणून आपण त्यांची तसबीर लावतो आणि विषय संपवतो. १९३० मध्ये शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहाचे ते पुढारी, हे बहुतेकांना ठाऊक असते. १९३२ सालची गोष्ट कमी लोकांना ठाऊक आहे. रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितले. तुरुंगाने नाकारले, कारण ब्राह्मण कैद्याला ते काम देता येत नाही! ब्रिटिश सरकारचा तुरुंग, आणि आत मनुस्मृती. अप्पांनी अन्न कमी करायला घेतले. येरवड्यात गांधीजींना कळले, डिसेंबरात त्यांनीही उपोषण मांडले, आणि सरकार नमले. एका ब्राह्मणाला मैला उचलायचा हक्क मिळावा म्हणून उपोषण! जगाच्या इतिहासात हक्कांच्या लढाया अनेक झाल्या असतील. अशी मागणी मी दुसरी वाचलेली नाही.

बाहेर आल्यावरही ते थांबले नाहीत. मेलेली ढोरे फाडली, कातडी कमावली, संडास साफ केले. १९४८ मध्ये कणकवलीत गोपुरी आश्रम उभा केला. मैल्याचे सोनखत करणारा संडास त्यांनी घडवला, कारण त्यांना कळले होते की हातात झाडू घेऊन एक ब्राह्मण पवित्र होईल, पण झाडूवाल्याची सुटका व्हायची तर संडासच बदलायला हवा. शास्त्रार्थ नाही, वचने नाहीत. खड्डा किती फूट खोल आणि वर माती किती, हा त्यांचा धर्मविचार. मला विचाराल तर भांडारकरांपेक्षाही अप्पांनी हिंदू धर्माला जास्त खोल हात घातला. जातीचे मूळ पोथीत कमी आणि घाण कोण काढतो यात जास्त आहे, हे त्यांनी ओळखले. पण त्यांच्या मागे कोण गेले? स्वच्छतेच्या मोहिमांत झाडू घेऊन फोटो काढणारे पुष्कळ.

या दोघांकडेही बाबासाहेब संशयाने बघत होते, आणि त्यांना तो अधिकार होता. सावरकरांना त्यांनी कळवले होते की नुसती अस्पृश्यता जाऊन भागणार नाही, चातुर्वर्ण्यच गेले पाहिजे. कोकणात तर जात जमिनीत पुरलेली. म्हणून १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती, म्हणजे खोतांची जमीनदारी, नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि त्यांच्या मागे महार आणि कुणबी दोघे उभे राहिले. सहभोजनाच्या पंगतीत जे झाले नाही, ते कुळांच्या मोर्चात झाले. खोती कायद्याने संपली ती १९५० मध्ये.

मग १९५६. बाबासाहेबांनी नागपूरला घेतलेली बौद्ध धम्माची दीक्षा कोकणच्या वाड्यावाड्यांत पोचली, आणि गावऱ्हाटीला असा धक्का बसला की जो कोणत्याही सुधारकाने दिला नव्हता. तुम्ही इथली माणसे, तुम्हाला उलगडून सांगायला नको. जत्रेत, शिमग्यात, गाऱ्हाण्यात प्रत्येक जातीचा मान ठरलेला. महारांचाही होता. तो ‘मान’ म्हणजे ढोर ओढणे, सांगावा नेणे, लांबून वाजवणे आणि लांबूनच उरलेले घेणे. दीक्षा घेतलेल्यांनी सांगितले, हा मान आम्हाला नको. गावोगाव तंटे झाले, बहिष्कार पडले, कित्येक कुटुंबांची रोजी तुटली. त्यांनी तरीही सोडला. मानकरी शब्दाला जीव टाकणाऱ्या या प्रांतात मान सोडणारे ते पहिले. हिंदू धर्मसुधारणेच्या व्याख्यानात मी बौद्धांचे उदाहरण का देतो, असे कोणाला वाटेल. कारण त्यांनी सोडले म्हणून उरलेल्यांना आपली ढोरे स्वतः ओढावी लागली.

राजकारणाचे काय? बॅरिस्टर नाथ पै आणि त्यांच्यामागून मधू दंडवते यांना १९५७ पासून १९९१ पर्यंत आपण लोकसभेवर धाडले. साने गुरुजी, अप्पा, सेवा दल यांनी नांगरलेल्या रानात ती मते उगवली. पुढे पीक बदलले. त्यावर मी बोलणार नाही, श्रोत्यांत सगळ्या पक्षांची मंडळी आहेत आणि मला रात्री इथेच जेवायचे आहे.

जेवणावरून आठवले. ज्या सहभोजनासाठी रत्नागिरीत मारामाऱ्यांची पाळी आली, ते आज तारकर्लीच्या प्रत्येक खाणावळीत दुपारी बारापासून चालू असते. सुरमईच्या ताटावर कोण कोणाशेजारी बसला, कोणी विचारत नाही. पर्यटनाने रोटीबंदी मोडली, हे मी मोकळेपणाने कबूल करतो. पण त्याच खाणावळीमागची शौचालयाची टाकी भरली की टँकर घेऊन जो येतो, त्याच्याशी पाच मिनिटे बोला. आडनाव विचारू नका, गाव आणि वाडी विचारा. मग अप्पांच्या संडासाकडे पुन्हा जावे लागते.

आणि गावकी? महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. देशात असा कायदा करणारे आपण पुढारलेले राज्य, म्हणून आपली पाठ थोपटली गेली. तो का करावा लागला, तर वाळीत टाकण्याची प्रकरणे कोकणातून थांबेनात. १८९३ ला मुरुडने कर्व्यांना जे केले, ते सव्वाशे वर्षांनी फौजदारी गुन्हा झाले.

आता आजीकडे परत येतो. ती गेली तेव्हा तिच्या पेटीत तिची लग्नातली हिरवी चोळी निघाली, घडी न मोडलेली. मी ती माझ्या बहिणीला दिली.

मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला: नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचे नाही, मंगळसूत्र तोडायचे नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तसे परिपत्रक काढले. भांडारकरांनी पोथ्या उलटल्या त्याला तेव्हा एकशेएकतीस वर्षे झाली होती. परिपत्रक तुमच्या कपाटात असेल. माझी विनंती इतकीच आहे: येत्या ग्रामसभेत ते पुन्हा वाचा, आणि वाचून झाल्यावर मानकऱ्यांनी उठून सांगावे की पुढच्या जत्रेत देवीची पहिली ओटी भरायचा आपल्या घरचा मान आम्ही गावातल्या विधवा बाईला देतो. एका वर्षापुरता दिलात तरी चालेल. त्या दिवशी मला कळवा, मी मालवणहून चालत येईन.